विळीवर चिरलेला इतिहास

मित्रांनो, मी एक जुना इतिहासाचा ग्रंथ आहे आणि तेरा वर्षांच्या एका मुलीचं कपाळ मी फोडलेलं आहे. आपली हकीकत सांगताना आधी जन्म सांगावा, मग गुण सांगावेत, अशी रीत आहे. पण जे मनाला टोचतं ते आधी बोलून टाकलं की पुढचं सांगणं सोपं जातं. माझ्या पुठ्ठ्याचा उजवा कोपरा बघा. तिथं तपकिरी डाग आहे. बघणाऱ्याला वाटतं, कुणाचा तरी चहा सांडला असेल. तो चहा नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. तुम्हाला वाटत असेल की पुस्तकाचा जन्म फार शांतपणे होतो. तसं काही नसतं. शिशाचे खिळे कागदावर दाबले, मोठमोठे कागद दुमडून ठोकले, दाभणानं माझी पाठ आरपार शिवली, कढत सरस ओतला आणि शेवटी एका मोठ्या पात्यानं माझ्या तिन्ही कडा एका दमात छाटल्या. अशी माझी तीनशे बहात्तर पानं झाली. सिंधूकाठच्या नगरांपासून हूणांच्या स्वाऱ्यांपर्यंतचा सगळा काळ माझ्या पोटात होता. छत्तीस प्रकरणं होती आणि त्यातल्या सव्वीस प्रकरणांत कुणी ना कुणी कापलं जात होतं. हत्तीच्या पायाखाली तुडवलेली माणसं, भाल्यावर टांगलेली डोकी, पेटवलेली नगरं. मधे मधे राजांची चित्रं. मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा, हे खोटं कशाला बोलू?

मुरुमचे कापडाचे व्यापारी शिवलिंगप्पा यांनी मला सोलापुरात विकत घेतलं. ते घरी कानडी बोलत, दुकानात मराठी, आणि वाचायचं म्हटलं की मिळेल ते वाचत. तेव्हा निजामाचं राज्य होतं. नाक्यावर मराठी पुस्तक दिसलं की शिपाई नको ते प्रश्न विचारायचे. म्हणून शिवलिंगप्पांनी मला धोतरजोड्यांच्या गठ्ठ्यात मधोमध गुंडाळलं आणि बैलगाडीत टाकलं. अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा होता तो. वाटेत एका हत्यारबंद टोळीनं गाडी अडवली. गठ्ठ्यात बंदुका लपवल्यात का ते बघायला त्यांनी प्रत्येक गठ्ठ्यात कोयता खुपसला. तो माझ्या पुठ्ठ्यातून शिरला आणि एक्क्याण्णवाव्या पानावर थांबला. मग कोयता बैलांकडं वळला, आणि गाडीवान बिराप्पानं त्यांना वाचवायला हात आडवा केला, तर तो हातच गेला, आणि मग दुसरा वार मानेवर.

मित्रांनो, माझ्या पानांत लाखानं माणसं मरतात. पण खरं मरण मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते फार वेळ चाललं. त्यात शंख वाजला नाही की कुणाचा जयजयकार झाला नाही. नुसता एक माणूस पाणी मागत होता, आणि शिवलिंगप्पांचे हात मागं बांधलेले होते.

ज्यांच्या घरी मी पुढं गेलो, त्या वनमालाबाईंचे यजमानही त्याच उन्हाळ्यात असेच गेले. ते एका खेड्यात शिक्षक होते. शाळेतून घरी येताना कुणीतरी त्यांना गाठलं. वनमालाबाईंना त्यांचं पागोटं तेवढं मिळालं. तेव्हापासून त्या आपल्या धाकट्या भावाकडं, राघवेंद्रांकडं, धाराशिवला राहायला आल्या. फार सोशिक बाई. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, रोज पोथीचा एक अध्याय, मंगळवारी देवीचा उपास आणि एकादशी निर्जळी. आवाज असा हळू की शेजारच्या खोलीत त्या बोलतायत का जप करतायत ते कळायचं नाही. तुळशीच्या कट्ट्यावर मुंगी दिसली तर तिला फुंकर घालून बाजूला करायच्या, पाणी मग घालायच्या.

राघवेंद्र कचेरीत कारकून होते. सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. राज्य बदललं, मग प्रांत बदलला आणि चाळिशीला आलेल्या माणसाला मराठीत टिपणं लिहायची वेळ आली. साहेब चुका काढायचे, आणि तो राग घरी यायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा हात आधी उठायचा आणि शब्द मागून यायचे. पत्नी अयोध्याबाई त्यांना काही बोलायच्याच नाहीत. नीला ही त्यांची एकुलती एक मुलगी.

नीला आधी शाळेत जात होती. राघवेंद्रांची बदली एका लांबच्या गावी झाली होती तेव्हाची गोष्ट. तिथल्या मास्तरांनी तिला राजघराणी क्रमानं म्हणायला सांगितली. तिचं एक घराणं मधलं सुटलं. मास्तरांनी रूळ उभा धरून तिच्या बोटांवर मारला आणि मधल्या बोटाचा सांधा मोडला. राघवेंद्रांना कळलं तसे ते भर वर्गात शिरले आणि साठ पोरांसमोर त्यांनी मास्तरांना त्याच रुळानं झोडपून काढलं, पार रक्त येईपर्यंत. बदली पुन्हा धाराशिवला झाली. पण त्या दिवसापासून नीला शाळेच्या फाटकाशी गेली की तिचे पाय लटपटायचे आणि परकर ओला व्हायचा. दोन शाळा बघून झाल्या. शेवटी राघवेंद्र म्हणाले की पुरे झालं.

वनमालाबाईंनी तेव्हा पदर खोचला. मी हिला घरी शिकवते, सातवीची परीक्षा बाहेरून देऊ द्या, असं त्यांनी भावाला विनवलं. राघवेंद्रांनी ऐकलं, पण अट घातली. परांड्याकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. तिशीचा बिजवर, पदरात एक मूल. कायद्यानं नीलाचं वय बसत नव्हतं, पण तेव्हा कायदा विचारायला कोण बसलं होतं? एप्रिलमध्ये परीक्षेत पास झाली तर पुढं शिकेल, नापास झाली तर परांड्याला होकार कळवायचा. एवढं बोलून ते कचेरीत गेले.

गणितात नीला हुशार होती. मराठी तर तिला पाण्यासारखी सोपी होती. अडत होतं ते इतिहासाशी. इतिहास हा शब्द निघाला की तिचा उजवा हात आपोआप मुठीत वळायचा. म्हणून पुस्तक कुठलं निवडायचं, हा त्या घरात मोठा प्रश्न होऊन बसला.

शिवलिंगप्पांनी तोवर मुरुमहून धाराशिवला दुकान हलवलं होतं आणि त्यांचं घर राघवेंद्रांच्याच बोळात होतं. वनमालाबाईंनी त्यांना अडचण सांगितली, तसे ते तीन पुस्तकं काखेत मारून आले. एक नवीन निघालेलं बारीकसं शाळेचं पुस्तक, मोठा टाइप, वर मडक्यांची आणि बैलगाडीची चित्रं. दुसरं नुसत्या प्रश्नोत्तरांचं. तिसरा मी.

"अक्का, हे बारीक पोरीला झेपंल," शिवलिंगप्पा म्हणाले. "हे प्रश्नोत्तराचं परीक्षेपुरतं बरं. आणि हा जाडा बघा, ह्यानं एकदा कोयता अडवलाय. वाचवत नसंल तर उशाला घ्या, चोर आला तर कामाला येईल."

अयोध्याबाई चुलीपाशी हसल्या. त्या म्हणाल्या की बारीकच बरं. वनमालाबाई मात्र तीन दिवस तिन्ही पुस्तकं चाळत राहिल्या. बारीक पुस्तकात त्यांचं मन लागेना. मला उघडलं की पान उलटायचा त्यांचा हात थबकायचा. नगर लुटायला आलेल्या टोळीचा राजानं कसा निःपात केला, त्या पानावर त्या किती तरी वेळ बसून असायच्या. पण आपल्या मनावर विश्वास कसा ठेवावा? चौथ्या दिवशी मंगळवार आला. त्यांनी तिन्ही पुस्तकं पिशवीत भरली आणि एस.टी.नं तुळजापूर गाठलं.

देवीच्या देवळात चिंतामणीचा गोल दगड आहे, तो तुम्हाला ठाऊक असेलच. दोन्ही हात ठेवायचे, मनातला प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही. लोक लग्नाचं विचारतात, विहिरीचं विचारतात, हरवलेल्या माणसाचं विचारतात. इतिहासाचं पुस्तक विचारायला आलेल्या वनमालाबाई एकट्याच असतील. बारीक पुस्तक मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, तर दगड डावीकडं वळला. प्रश्नोत्तराला तो हललाच नाही. मग मला घेतलं. मित्रांनो, दगड उजवीकडं असा फिरला की मागं उभी असलेली बाई म्हणाली, "कौल लागला हो, माय."

मी फुलून गेलो. आता मी नुसतं पुस्तक राहिलो नव्हतो. मला देवीनं निवडलं होतं.

आणि इथूनच सगळं बिघडलं. वनमालाबाई मला पोथीसारखं वाचायला लागल्या. सकाळची पूजा झाली की मला चौरंगावर ठेवायच्या, हळदकुंकू आणि एक फूल वाहायच्या. समोर पाटावर नीला. पोथीचे नियम तेच माझे नियम झाले. एकही ओळ गाळायची नाही. अध्याय सुरू झाला की मधे उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही. संपल्यावर नमस्कार करून त्यातलं तोंडपाठ म्हणून दाखवायचं. बारीक पुस्तक फळीवर गेलं, त्याला हात लावणं म्हणजे कौलाचा अपमान.

त्या मऊ आवाजात माझी प्रकरणं ऐकायला फार भीषण वाटायची. वनमालाबाई सांगायच्या की मग त्यानं भावांचे हात तोडले, आणि हे सांगताना त्यांचा आवाज देवाची आरती म्हणावी तसा लागायचा. नीला पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. एका सकाळी वेढा पडलेल्या गावातल्या लेकरांचं वर्णन आलं. नीलाला हुंदका फुटला. ती म्हणाली, "आत्या, थांबा ना." वनमालाबाईंच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण अध्याय मधे सोडायचा नसतो. त्यांनी तो संपवला.

दोन महिने गेले. नीलाला काहीच सांगता येईना. सनावळी विचारली की ती भिंतीकडं बघायची. आपलीच श्रद्धा कुठंतरी कमी पडतेय असं वनमालाबाईंना वाटलं आणि त्यांनी रोजचा एक अध्याय होता तिथं दोन केले.

मग नीलानं आपला उपाय शोधला. दुपारी आत्या जपाला बसली की ती मला खाली घ्यायची आणि दप्तरातलं करकटक काढायची. रोज एका राजाचे डोळे. टोक ठेवायची, आणि हळूहळू दाबायची. करकटकाचं टोक राजाच्या डोळ्यातून शिरून मागच्या पानावरच्या राणीच्या गालातून निघायचं. कोयत्याचा वार मी विसरलो होतो, पण हे दुखणं निराळं होतं. कोयता मला ओळखत नव्हता. ही मुलगी मला पुरती ओळखून भोसकत होती. नऊ दिवसांत तिनं नऊ राजे आंधळे केले.

फाल्गुनातली एकादशी आली. ऊन तापायला लागलं होतं. वनमालाबाईंनी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, ओठ सुकून पांढरे पडले होते. त्यांनी वाचण्यासाठी पान उचललं आणि खिडकीचा उजेड राजाच्या डोळ्यांतून आरपार आला. त्यांनी मागचं पान बघितलं, त्याच्या मागचं बघितलं.

"कुणी केलं?"

"मी," नीला म्हणाली.

"का गं?"

"ते बघत होते."

"देवीनं दिलेला ग्रंथ आहे हा," वनमालाबाई म्हणाल्या. आवाज तेवढाच हळू होता. आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं.

मी हवेत होतो तेव्हा मला वाटलं, त्या मला कपाळाला लावतील. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी ते कपाळाला लावणारी ही बाई. पण मी खाली आलो तो नीलाच्या भुवईवर. माझ्या कोपऱ्याखाली कातडी फाटल्याचं मला कळलं. आवाज झाला तो नारळासारखा. नीला ओरडली नाही. ती पाटावरून बाजूला कलंडली, आणि रक्त तिच्या डोळ्यात, चौरंगावरच्या फुलावर, माझ्या पुठ्ठ्यात भिनत गेलं.

अयोध्याबाई कणकेच्या हातानं धावत आल्या. सोळा वर्षांत ज्या बाईनं नणंदेपुढं मान वर केली नव्हती, तिनं वनमालाबाईंच्या थोबाडीत मारली. गालावर कणकेची पाच बोटं उठली. अयोध्याबाई म्हणाल्या, "माझ्या लेकराला हात लावायचा न्हाई. देवीनं सांगितलं तरी न्हाई." आणि लुगड्याचा पदर नीलाच्या कपाळावर दाबून त्या तिला तशाच उचलून दवाखान्यात घेऊन गेल्या. पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले की बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता.

राघवेंद्र कचेरीतून आले. सगळं ऐकून घेतलं. बहिणीवर त्यांनी हात उगारला, पण तिच्या गालावर आधीच उठलेली बोटं बघून तो हात माझ्याकडं वळला. त्यांनी मला अंगणातल्या भिंतीवर असं भिरकावलं की माझी पाठ मधोमध उकलली. शिकवणं संपलं, रविवारी परांड्याला कार्ड टाकतो, असं सांगून ते आत गेले.

वनमालाबाईंनी मला उचलून आणलं, पण चौरंगावर ठेवलं नाही. एकादशी सरली, द्वादशी आली. त्यांनी उपास सोडला नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी त्या नीलाच्या अंथरुणाशी जाऊन बसल्या. मला त्यांनी मांडीवर घेतलं होतं. नीलाचा एक डोळा पट्टीखाली होता.

"नीला, दगड देवीचा होता," त्या म्हणाल्या. "हात माझे होते."

नीलानं उघडा डोळा माझ्याकडं वळवला.

"ह्यांना ज्यांनी मारलं, त्यांना कुणीतरी मारलेलं मला वाचायचं होतं गं. रोज वाचायचं होतं. तुझं नाव पुढं करून मी ते वाचत होते. देवीवर कशाला ढकलू? मीच दगड फिरवला असंल."

मग नीला कुशीवर वळली. तिनं हात लांब करून माझं एक पान धरलं. चित्राचं नव्हतं ते, नुसत्या मजकुराचं होतं.

"आत्या, ह्यात मारणाऱ्यांचीच नावं आहेत," ती म्हणाली. "मेलेल्यांचा नुसता आकडा आहे."

मित्रांनो, इतकी वर्षं मी जगात होतो. विद्वानांनी मला लिहिलं, तपासलं, शाबासकी दिली. पण माझ्यातला हा दोष मला त्या पट्टी बांधलेल्या मुलीनं दाखवला.

वनमालाबाईंनी विचारलं, मग आता तूच सांग, कुठलं पुस्तक घेऊ? त्या घरात नीलाला असं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. ती उठून बसली. फळीवरचं बारीक पुस्तक तिनं मागून घेतलं, पण ते एवढंसं होतं की परीक्षेला पुरलं नसतं. मग ती मला एकेक पान उलटून बघायला लागली. सिंधूकाठची विटांची न्हाणीघरं ठेवा, म्हणाली. धान्याची कोठारं ठेवा. शेती, नाणी, विहार, भिक्षुणी ठेवा. आपल्या तेर गावचे व्यापारी बैलांवर माल लादून समुद्राकडं जायचे, ते तर ठेवाच.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काढून टाका. एक लढाई राहू द्या."

"कुठली गं?"

"जिंकल्यावर ज्याला वाईट वाटलं, त्याची."

वनमालाबाई उठल्या. त्यांनी मला कपाळाला लावलं, डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाल्या. मग स्वैपाकघरातून विळी आणली, पाटावर पाय ठेवून बसल्या आणि माझी पाठ पात्यावर धरली. पुस्तक जमिनीवर ठेवणंही ज्या बाईला पाप वाटायचं, तिनं पुस्तक चिरायचं! जुनी शिवण कडक झालेली, ती पात्याला दाद देईना. एवढ्यात अयोध्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. थोबाडीत मारल्यापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि खाली बसल्या.

"वन्सं, तुमचा हात कापतोय. मी धरते," त्या म्हणाल्या.

एकीनं धरलं, एकीनं ओढलं. माझ्या पाठीचे दोरे एकेक करून तटातट तुटले. पानं सुटी झाली, कडा फाटल्या, नकाशा अर्धा झाला. दुखलं का, असं विचारालच तुम्ही. दुखलं. पण मला आजवर जेवढी पाती लागली, त्यांतलं हे एकच माझं पान वाचून मग फिरत होतं.

ते चालू असतानाच राघवेंद्र कार्ड आणि शाईची दौत घेऊन बाहेर आले. जमिनीवर माझे तुकडे, मधे विळी, भोवती तिघी. त्यांना वाटलं, आपल्या शब्दाची थट्टा चाललीय. त्यांनी नीलाचं मनगट धरून तिला उभं केलं आणि हात वर नेला. अयोध्याबाई आणि वनमालाबाई दोघी उठल्या. पण नीलानं डोळा मिटला नाही.

"मारायचं तर परीक्षेनंतर मारा, दादा," ती म्हणाली. "आत्ता मला पाठ करायचंय."

तो हात वरच्या वर राहिला. राघवेंद्रांनी त्या पट्टीकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं. एवढा वेळ त्या घरात कुणीच कुणाकडं बघितलं नसेल. मग कार्ड कोनाड्यात ठेवून ते बाहेर निघून गेले.

गोधडी शिवायच्या सुईनं वनमालाबाईंनी माझी निवडलेली चौसष्ट पानं बारीक पुस्तकाला जोडली. आता पाट नव्हता, चौरंग नव्हता. नीला ते जोडपुस्तक घेऊन ओसरीवर, तुळशीपाशी, चुलीपाशी कुठंही बसायची. नको वाटलं की मिटायची. अध्याय मधे सोडायची, पाणी पिऊन यायची. जिथं मेलेल्यांचा आकडा होता तिथं समासात पेन्सिलीनं तिनं नावं लिहिली. खोटी नावं, तिच्या मनातली. एका लाखात तिला तेवीस नावं सुचली. कोण शेतकरी, कोण गाडीवान, कोण कुणाची आत्या. वनमालाबाईंनी ती वाचली आणि त्यांतल्या एकापुढं आपल्या हातानं यजमानांचं नाव घातलं. मग त्या कितीतरी वेळ रडल्या. इतकी वर्षं त्या अशा रडल्याच नव्हत्या, असं अयोध्याबाई नंतर सांगत.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. ती शाळेच्या इमारतीतच होती, फाटक होतंच. नीला फाटकाशी थांबली. वनमालाबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी ढकललं नाही, ओढलं नाही, देवाचं नावही घ्यायला सांगितलं नाही. नीला आपली आपण आत गेली. इतिहासात शंभरापैकी त्रेचाळीस गुण मिळाले. फार नाहीत. पण पास ती पास.

कोनाड्यातल्या कार्डावर परांड्याच्या स्थळाला उत्तर राघवेंद्रांनी नीलाकडूनच लिहवून घेतलं. ते सांगत होते, ती लिहीत होती. ते म्हणाले, लिही, आपल्या दरख्वास्तीबद्दल शुक्रगुजार आहोत. ती म्हणाली, दादा, मराठीत आभारी आहोत म्हणतात. बरं, ते लिही. मुलगी पुढं शिकत आहे, तरी क्षमा असावी. सही करायची वेळ आली तेव्हा राघवेंद्रांनी टाक तिच्याच हातात ठेवला आणि म्हणाले, "तूच कर. स्थळ तुझं होतं."

मित्रांनो, त्या जोडपुस्तकावर बोळातल्या आणखी पाच मुली शिकल्या. शिवलिंगप्पांची नात इरम्माही त्यातलीच. हाताळून हाताळून ती चौसष्ट पानं कापडासारखी मऊ झाली, मग विरली, आणि एक दिवस नाहीशी झाली. माझं चांगलं अंग असं सत्कारणी लागलं. मागं उरलो तो मी, उकललेल्या पाठीचा. एक सोडून सगळी युद्धं माझ्याकडंच राहिली. मला कुणी उघडत नाही आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

वनमालाबाई पुढंही दर मंगळवारी तुळजापूरला जात. चिंतामणीपुढं हात जोडत, पण त्यावर हात ठेवत नसत. जे आपल्या डोळ्यांनी बघता येतं ते देवाला कशाला विचारायचं, असं त्या म्हणायच्या.

तुम्ही पुस्तकाला कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे सगळं मला सांगता येईल आणि ते खरंही आहे. पण माझी विनंती वेगळी आहे. लेकरासाठी पुस्तक निवडाल तेव्हा त्याच्या समोर एक पान वाचा आणि वाचताना पुस्तकाकडं नाही, त्याच्या तोंडाकडं बघा. ते लेकरू थांबा म्हणालं, तर थांबा. पुस्तक चुकीचं निघालं तर बदला, चिरा, हवं तेवढं ठेवा, बाकीचं फेकून द्या. आम्हाला राग येत नाही. आम्ही कागदाचे आहोत, पुन्हा छापून निघतो. लेकराची भुवई पुन्हा छापून निघत नाही.

म्हणून आमच्यापायी कुणावर हात उगारू नका.